माझ्या नावावरचं औषध

प्रिय वैष्णवी,

पाकिटावरचं अक्षर तू लगेच ओळखशील आणि मग तुला राग येईल. आला तरी फाडू नकोस, पुरतं वाच. माझा नंबर तू ब्लॉक केलास तेव्हापासून तुझ्याशी बोलायला मला दुसरी वाटच उरलेली नाही. बदलापूरचा पत्ता पाठ आहे, दरवर्षी आंबोशी आणि कोकमं पाठवायचे ना मी. अजून तिथेच असशील असं धरून चालते.

मी मालगुंडला माहेरीच आहे. गणपतीपुळ्याच्या एका लॉजवर चादरी-टॉवेल धुण्याचं काम मिळालंय. सुट्टीच्या दिवसांत पर्यटक आले की पाठ मोडते, पण हात कामात असले की डोकं गप्प राहतं. भावजय वाईट नाही. मात्र तिचा धाकटा माझ्या ताटाकडे आला की ती त्याला हाक मारून उचलून नेते. सासरची, हेदवीची बातमी माझ्या आधी इथे येऊन पोचली होती, तिने तरी काय करावं? आई तेवढी माझ्याच अंथरुणाला लागून झोपते. आणि हो, पूर्वी तुझ्यासमोर मी नवऱ्याला 'हे' म्हणायचे. घटस्फोटाच्या कागदावर सही झाल्यापासून काय म्हणायचं ते कळत नाही, म्हणून दर्शनच म्हणते.

तुला आठवतं का, त्याला टीबी झाला तेव्हा तू त्याच्या कंपनीजवळच्या आमच्या लोट्याच्या खोलीवर येऊन राहिली होतीस? त्याला जेवण जात नव्हतं. तू पेज भरवायचीस आणि मला म्हणायचीस, “वहिनी, तू होतीस म्हणून दादा वाचला.” पुढे कितीतरी दिवस ते वाक्य मी आठवून आठवून जगले. तुम्हा सगळ्यांना टीबी माहीत होता. टीबी निघाला की सरकारी दवाखान्यात आणखी एक तपासणी करतात. ती तुम्हाला सांगितली नाही. तिच्यात दर्शनला एचआयव्ही निघाला, वैष्णवी. त्याला. माझी तपासणी त्याच दिवशी झाली आणि मला काही नव्हतं. आजही नाही.

कुठून आला, कधी आला, मी विचारलं नाही. लग्नाआधी तो मुंबईत होता, एवढंच मला माहीत. घरी येऊन तो भिंतीकडे तोंड करून रडला आणि माझ्याकडून शपथ घेतली, आईला कळता कामा नये. मी दिली. तेव्हा मला ती काही मोठी गोष्ट वाटली नाही. नवऱ्याची लाज झाकायची, त्यात काय एवढं?

त्याच्या गोळ्या सरकारी केंद्रात फुकट मिळायच्या. पण केंद्राबाहेर कोणी ओळखीचं भेटेल म्हणून तो जायचं टाळायचा, शिफ्टच्या नावाखाली गोळ्या चुकवायचा. रक्तातला विषाणू कमी होईना. मला मूल हवं होतं, ते तर तुलाही ठाऊक होतं. रत्नागिरीच्या डॉक्टरबाईंनी समजावलं, की त्याने गोळ्या नेमाने घेतल्या आणि विषाणू दबला की मूल होऊ शकतं, कुणालाही धोका न होता. तोवर जपा. आणि तुम्ही स्वतः रोज एक गोळी घ्या. ही रोगावरची नाही, रोग होऊ नये म्हणून आहे. मला इतकं हायसं वाटलं! औषध आहे, म्हणजे आपला संसार आहे, असं वाटून मी येताना बसस्टँडवर दर्शनला बळेच मिसळ खायला लावली.

पण ती गोळी आमच्या केंद्रात मिळत नव्हती. मेडिकलवाला मुंबईहून मागवून द्यायचा. दोनदा विकत घेतली आणि पुढे परवडेना. मग मी म्हटलं, तुझ्या पगारातून सरकारी विमा कापतात, बायकोलाही तो लागू आहे, बिलं लावून बघू. दर्शन नको म्हणत होता. हट्ट माझा. अर्जावर कंपनीचा सही-शिक्का लागतो, तो घेतला. औषध माझ्या नावावर होतं, कारण खाणारी मी.

विमा कचेरीत मी एकटीच गेले. खिडकीवरचा माणूस सज्जन होता, आवाज खाली आणून बोलला. म्हणाला, “ताई, हे औषध बसवायचं तर आजाराची नोंद लागते. तुम्हाला आजार आहे का?” मी म्हटलं, “नाही.” “मग औषध कशाला?” “होऊ नये म्हणून.” तो बराच वेळ कागद उलटेपालटे करत राहिला. मग म्हणाला, “होऊ नये म्हणून असं काही आमच्या विम्यात नाही हो. उद्या झालाच, तर मात्र सगळं फुकट आहे. त्याची काळजी करू नका.” धीर द्यायला म्हणाला बिचारा. मी त्याचे आभार मानून बाहेर आले आणि पायरीवर बसून राहिले.

अर्ज कंपनीतून गेला होता, म्हणून नामंजूर होऊन परतही कंपनीतच आला, हजेरी बघतात त्या टाइम ऑफिसात. तिथे तुमच्या वाडीतला नितेश आहे. कागदावर लिहिलं होतं, एचआयव्ही प्रतिबंधक औषध, आणि पुढे माझं नाव. 'प्रतिबंधक' हा शब्द कोणी वाचलाच नाही. कंपनीच्या बसमधून ती बातमी निघाली आणि आठवड्याच्या आत हेदवीत पोचली, की दर्शनच्या बायकोला तो रोग आहे.

त्यानंतरचा शिमगा तू पाहिलास. पालखी अंगणात आली, ढोल वाजत होते, मी नवी साडी नेसून ओटीचं ताट घेऊन उभी होते. तुझ्या आईंनी ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि तुझ्या हातात दिलं. म्हणाल्या, “तू मागं हो गो. देवाला तरी सोड.” सगळी वाडी बघत होती. तू माझ्याकडे पाहिलंही नाहीस. मी दर्शनकडे पाहिलं. तो पालखीला खांदा देत होता. त्याने ऐकलं होतं, मला माहीत आहे, कारण त्याची मान खाली गेली. एक शब्द बोलला असता तर पुरे होतं.

खोलीवर परतल्यावर मी त्याला विचारलं, का गप्प बसलास? तो म्हणाला, “माझं कळलं तर कामावरून काढतील. आई तर मरेल. तुला काय फरक पडतो मनस्वी? तुला तर काही झालेलंच नाही.” बघ ना, मी निरोगी होते हाच माझा गुन्हा झाला. माझा रिपोर्ट आईंच्या पुढ्यात टाकला असता तर त्यांनी लगेच विचारलं असतं, मग औषध कशाला? आणि त्याचं उत्तर दर्शन होता. मी शपथेला बांधलेली. पुढे त्यानेच घरी खोटं सांगितलं, “मी तपासून घेतलं, माझं सगळं चांगलं आहे.” तिथे मी संपले. आईंनी माझे कपडे पिशवीत भरून पडवीत ठेवले तेव्हा मी भांडलेदेखील नाही.

मी अजून ठरलेल्या वेळी तपासणी करून घेते. दवाखान्यातल्या समुपदेशक नम्रताताई म्हणतात, “आता गरज नाही हो, कशाला येता?” खरं सांगू? त्या खोलीत कोणीतरी माझ्याकडे बघून म्हणतं की तुम्हाला काही नाही, ते ऐकायला जाते. बाहेर तसं म्हणणारं कोणी नाही. सुरुवातीला वाटायचं, दर्शन एक दिवस येईल आणि सगळं सांगेल. आता तसं वाटत नाही.

माझं नाव साफ करावं म्हणून मी हे लिहिलेलं नाही. आईंना माझ्याबद्दल जे वाटतं ते वाटू दे. गेल्या आठवड्यात मी एका ओळखीच्या बाईच्या फोनवर साखरपुड्याचे फोटो पाहिले. दर्शनच्या शेजारी तुझी चुलत नणंद होती, ज्ञानेश्वरी. तुझ्या लग्नात माझ्याकडून मेंदी काढून घ्यायला बसली होती, तीच ना? स्थळ तूच सुचवलंस असं कळलं. मी आधी दर्शनलाच फोन केला, तिला सांग म्हणून विनवलं. “तू मध्ये पडू नकोस,” एवढंच म्हणाला आणि ठेवला. दुसऱ्याचा आजार आपण सांगू नये, हे मला दवाखान्यात शिकवलंय, आणि ते मी आजवर पाळलं. पण तो गोळ्या नेमाने घेतो की नाही, मला माहीत नाही, आणि त्या मुलीला तर असं काही विचारायचं असतं हेही माहीत नाही. लग्न मोड असं मी म्हणत नाही. त्याने गोळ्या घेतल्या, विषाणू दबला, तर तिला काही होणार नाही, मूलबाळही होईल. पण तिने ते जाणून हो म्हणावं, नाहीतर नाही म्हणावं. तू दादाला एकटं गाठ. तो तुझ्यासमोर खोटं बोलू शकणार नाही. हळद लागायच्या आत त्याच्याच तोंडून तिला कळू दे. आणि त्याने नाहीच सांगितलं, तर वैष्णवी, तू सांग. माझं ती कशाला ऐकेल? तिच्या लेखी रोगी मीच आहे.

एके काळची तुझीच वहिनी,
मनस्वी