भाकरीची ओळ

२८ फेब्रुवारी १९७९, राखेचा बुधवार

सात कपाळं! गावात अकरा ख्रिस्ती घरं, आणि राख लावून घ्यायला सात माणसं. त्यात मी, माझी बायको, आणि आंधळी मुक्ताबाई — तिला कुणीतरी हात धरून आणलं म्हणून आली.

फादर भूमहून जीपनं आले, चहा न घेताच निघाले. जाताना म्हणाले, "ईस्टरला देऊळ भरलं नाही तर जूनपासून मिस्सेची उपासना करायला इथं येणं बंद. मी एकटा, गावं चौदा." आणि वर — "गेलेल्यांना आनंदानं बोलवा, मास्तर. पडलेल्या चेहऱ्यानं शुभवर्तमान सांगता येत नाही." आनंदानं! त्यांना बोलायला काय जातंय! अठरा वर्षं इथं प्रार्थना शिकवतोय मी. देवळाकडं पाठ फिरवलेल्या धोंडीबाच्या बाप्तिस्म्याला पाण्याचा तांब्या मीच धरला होता. नाव योसेफ ठेवलं. आता योसेफ म्हणून हाक मारली तर मागं वळूनही बघत नाही. तो आला तर बाकीची घरं येतील, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. त्यालाही!

४ मार्च, रविवार

घंटा दोनदा वाजवली. देवळात मी आणि पाल. बाकी सगळे दूध सोसायटीच्या दारात किटल्या घेऊन. धोंडीबा तिथं दुधाचं माप घेतो. म्हटलं, "धोंडीबा, आज रविवार." तर म्हणतो, "म्हशीला कुठं रविवार कळतोय, मास्तर?" सगळे खदाखदा हसले. मीही हसलो — आनंदानं! घरी येऊन चप्पल भिंतीवर फेकली.

५ मार्च

दाढ ठणकते आहे. आनंद आहे.

१८ मार्च, रविवार

आरशासमोर उभा राहून चेहऱ्यावर हसू बसवलं आणि धोंडीबाच्या घरी गेलो. हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगितली, हातवारे करून. त्यानं ऐकून घेतली, चहा दिला, म्हणाला, "ग्वाड हाय गोष्ट." त्याची बायको मथुराबाई चुलीपाशी माझ्याकडं पाठ करून बसलेली.  हीच बाई दुष्काळात, त्र्याहत्तर साली, देवळाच्या दारात मी मदतीची सुकडी वाटायचो तेव्हा रोज वाडगं घेऊन उभी असायची! माझं डोकं फिरलं. बोलून गेलो — "पोटाला नव्हतं तेव्हा बरा देव आठवत होता. आता घरात दूधदुभतं आलं, देव कशाला पाहिजे!"

धोंडीबा उठला. "मास्तर, च्या झाला नव्हं? मग निघा आता."

हाकललं मला! बोललो त्यात खोटं काय होतं?

१९ मार्च, संत योसेफाचा सण

मथुराबाई आली. आत या म्हटलं, आली नाही. उंबऱ्याबाहेरूनच बोलली.

"मास्तर, तुमी इसरलाव. म्या वाडगं पुढं केलं तवा तुमी म्हणलाव, आधी प्रार्थना म्हण. म्हणत आले आन् भाकर मागायच्या ओळीपाशी अडकले. म्होरं सुकडीचं पिंप हुतं, ध्यान समदं तिकडंच. तुमी म्हणलाव — पाठ करून उद्या ये. समद्या रांगंदेखत. घरी दोन लेकरं हुती उपाशी." पदर कमरेला खोचला. "दुसऱ्या दिशी घडाघडा म्हणले. सुकडी घेतली. पाऊस पडला, तवापासनं ती प्रार्थना त्वांडात घेतली न्हाय."

गेली. 

२० मार्च

ते पिंप आठवतं. रांग आठवते. तिचा त्या दिवशीचा चेहरा काही केल्या आठवत नाही. कारण ती एकटी नव्हती! कितीजणांना परत पाठवलं असेल मी! नियम माझाच होता. फादरांचा नव्हे, कुणाचाच नव्हे. आधी प्रार्थना, मग सुकडी. मला वाटायचं, पोट आणि आत्मा एका दमात भरतोय. मोठा शहाणा! आणि सहा वर्षं लोकांच्या नावानं बोटं मोडतोय — कृतघ्न म्हणून! गाढव आहेस तू, याकोब मास्तर. गाढव!

८ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

नऊ माणसं. वाटायला आणलेल्या शिंदीच्या फांद्या तशाच पडून राहिल्या. फादर म्हणाले, "हसा जरा, मास्तर." म्हटलं, "आज मला हसायला सांगू नका!" आवाज चढलाच. मग जीपजवळ उभ्या उभ्या त्यांना सुकडीचं सगळं सांगून टाकलं. ते जीपमध्ये बसले. म्हणाले, "मला काय सांगता? तिला सांगा."

सांगणं एवढं सोपं असतं तर!

१३ एप्रिल, गुड फ्रायडे

दुपारी रिकामं वाडगं घेऊन मथुराबाईच्या दारात उभा राहिलो. सगळी आळी बघत होती. म्हटलं, "मथुराबाई, माझं चुकलं." तिनं वाडग्याकडं बघितलं. म्हणाली, "आधी प्रार्थना म्हणा."

म्हणायला लागलो. भाकरीची ओळ झाली. पुढची ओळ क्षमेची — ती तोंडातून निघेना. अठरा वर्षं शिकवलेली!

 मग उरलेली प्रार्थना तिनंच म्हटली, शेवटपर्यंत. आतून धोंडीबा 'आमेन' म्हणाला. तिनं वाडग्यात भाकर ठेवली.