डाव्या डोळ्यातला पडदा खरा असल्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
नेत्र विभाग यांच्या सेवेशी.
(अर्जदाराचा सध्याचा पत्ता : आपल्या खोलीबाहेरचा बाक)

विषय : थाप समजून दिलेली चोवीस तारीख रद्द करून डोळा आजच तपासण्याबाबत.

संदर्भ : घरी सोडताना आपल्याच रुग्णालयाने दिलेला छापील कागद, सूचना क्र. ४.

महोदय,

सविनय अर्ज करते की, मागच्या महिन्याच्या वीस तारखेला आपल्याकडे माझ्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. झकास झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पट्टी सोडल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय दिसतंय, आजी?" मी म्हटलं, "समोरच्या पाण्याच्या टाकीवर मुंगी चाललीये, मागच्या डाव्या पायाने लंगडतेय बिचारी." हे विधान मी या अर्जाद्वारे मागे घेते.

२. पुढच्या तपासणीला मी सिस्टरना सांगितलं, की नव्या भिंगातून असा उजेड बाहेर पडतो की वीज गेली तर सून माझ्यासमोर बसून सुईत दोरा ओवते. सिस्टर पोट धरून हसल्या आणि त्यांनी ते अख्ख्या विभागाला सांगितलं. हेही मागे घेते. सुईसुद्धा.

३. आता खरं. या सोमवारी सकाळी दात घासताना त्याच डोळ्याच्या कडेला लख्खकन चमकलं. मग पुन्हा, मग पुन्हा. दुपारपर्यंत काळे ठिपके आले, तुटक्या दोऱ्यांसारख्या रेघा आल्या. मान वळवली की त्याही वळतात. दुखत मात्र काहीच नाही. मी तशीच आपल्या नोंदणीच्या खिडकीवर आले. कारकूनभाऊ म्हणाले, "परवा उजेड बाहेर पडत होता, आज आत पडायला लागला होय? उद्या डोळ्यात पूर येईल, आजी!" रांगेतली माणसं हसली. आपल्यापासून काय लपवायचं, मीही हसले. तिथेच माझं चुकलं. भाऊंनी केसपेपरवर तक्रारीच्या रकान्यात ‘नेहमीप्रमाणे’ असं लिहिलं आणि चोवीस तारीख दिली.

४. काल सकाळी त्याच डोळ्यात खालून एक करडा पडदा वर आला. माझ्या शब्दावर कोणी विश्वास ठेवणार नाही हे ओळखून मी मोजमाप केलं, ते असं : आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर आठवडे एकाखाली एक छापलेत. दाराजवळच्या खुर्चीत बसायचं, उजवा डोळा झाकायचा, मान न हलवता नाकासमोर बघायचं. काल शेवटची ओळ गेली होती. आज तिच्या वरचीही गेली. म्हणजे आपण दिलेली चोवीस तारीख माझ्या डाव्या डोळ्यासाठी आजच शिल्लक नाही.

५. सुनेला सांगितलं तर ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "पडदा का? मग मध्यंतर कधी आहे, सासूबाई?" बत्तीस वर्षं माझ्यासोबत काढलेली बाई आहे, तिचा दोष नाही. मी म्हटलं, "तूच बघ." तिने माझा उजवा डोळा झाकला, समोर उभी राहिली आणि हात खाली धरून विचारलं, "किती बोटं?" मी विचारलं, "हात कुठेय?" त्यावर ती हसली नाही. चिरलेली भाजी तशीच टाकून तिने चपला घातल्या.

६. आपल्या सूचना क्र. ४ मध्ये स्पष्ट छापलंय, की अचानक लखलखाट, काळे ठिपके किंवा डोळ्यापुढे पडदा आल्यास रुग्णाने ‘त्याच दिवशी’ यावं. मी त्याच दिवशी आले होते. तेव्हा कसूर माझ्या यायची नाही, माझ्या ख्यातीची आहे. उजव्या डोळ्यात अजून मोतीबिंदू असल्याने तो माणसं निव्वळ आवाजावरून ओळखतो. माझं सगळं भांडवल हा डावाच. हा अर्जही कागद कपाळाजवळ उंच धरून लिहितेय, तरी ओळी तिरक्या गेल्या असतील तर माफी असावी.

७. तरी विनंती, की डोळ्यात थेंब घालून आतला मागचा पडदा आजच, बाह्यरुग्ण विभाग बंद व्हायच्या आत, बघावा. काहीच निघालं नाही, तर यापुढे मरेपर्यंत खरंच बोलेन असं लिहून द्यायला तयार आहे. घरच्यांना ते फार जड जाईल, पण माझा इलाज नाही.

बाकावरून उठणार नाही, हे नम्रपणे कळवते.

आपली, आजपुरती शब्दाची पक्की,
(सही) डाव्या डोळ्याची आजी
बुधवार, ता. ११, सकाळी साडेदहा

सोबत :
१) सूचनांचा छापील कागद, क्र. ४ खाली रेघ मारून.
२) केसपेपर, ‘नेहमीप्रमाणे’ या शेऱ्यासह.
३) सून, प्रत्यक्ष हजर. ही थापा मारत नाही, तिला जमतच नाही.

साहेब, मी सून. हे कागदाच्या अगदी खालच्या कडेला लिहितेय, इथलं त्यांना दिसत नाही. घरापासून इथपर्यंत पाऊण तास गाडीत त्या माझा हात धरून बसल्या होत्या. एकही गोष्ट सांगितली नाही. प्लीज, लगेच बघा.