डी ड्राइव्हमधले शुभेच्छुक

२ मे
अड्याळला आले एकदाची. कमलेशभाऊंच्या बॅनरच्या दुकानात डिझायनर म्हणून लागले. तिकडे पवनीला आईने गल्लीभर पेढे वाटले. लॅपटॉप मात्र म्हातारा, बॅटरी मेलेली, थेट लाइनवर चालतो. वाढदिवसाच्या बॅनरवर खाली शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांची रांग लागते. ते सगळे चेहरे डी ड्राइव्हमध्ये कापून ठेवलेत. भाऊंनी हौसेने माझाही फोटो काढून त्यात टाकला. झाले मी गावकरी.

५ मे
लाइन गेली, आली. लॅपटॉप चालू केला तर डी ड्राइव्ह गायब. झाकण उघडून डिस्क काढली, पुसली, परत बसवली, तरी नाही. शेवटी सेटिंगमध्ये जाऊन तिला पुन्हा डी हे अक्षर दिलं, तेव्हा कुठे दिसली. आत फक्त बंटीचा फोटो नव्हता. बंटी म्हणजे समोरच्या चहावाल्या बायजाबाईंचा मुलगा. दुसरा फोटो मागायला गेले, तर तो टपरीपुढे उभा राहून आईला हाका मारत होता आणि बाई त्याला झाडूने हाकलत होत्या. मला म्हणाल्या, "मले लेकरूच नाई झालं, बाई. कोन येडा येऊन राहिला कोनास ठाऊक."

८ मे
पुन्हा तेच. या वेळी शुभेच्छुकांतले म्हातारे मारोतराव. सुनेने त्यांना त्यांच्याच घरातून चोर म्हणून काढलं.
भाऊंना विचारलं. ते शांतपणे म्हणाले की लॅपटॉप जो चालू करतो, त्यालाच गेलेल्यांची ओळख राहते. बंद ठेवला तर सगळेच जातील. त्यांना आता सोसवत नाही, म्हणून तर मला ठेवलं. त्यांचा स्वतःचा फोटो त्यात नाही. माझा आहे, आणि काही केल्या डिलीट होत नाही.

१० मे
गर्दी केली तर माझी पाळी लांबेल. सुट्टीत घरी असलेल्या शाळकरी मुलींचे फोटो फुकट काढून दिले आणि सगळे डीमध्ये टाकले. पोरी खूश. लाज वाटली, पण जेवण नीट गेलं.

१२ मे
वारा सुटलाय. लाइन येते, जाते — दोन मुली गेल्या. एक दुकानाच्या पायरीवर बसून रडतेय. मी दार लावून घेतलं —

१३ मे
ड्राइव्ह आला. बाकीच्या मुली आहेत. माझा फोटो —
भाऊ विचारतात, कोण पाहिजे —
आईला फोन लावला. सगळं सांगितलं, लहानपणीचं, तिचं, माझं — ती म्हणाली मला पोरगी नाही, काहून सतावून राहिली. मी म्हटलं आई, मी प्रतीक्षा, आई ऐक ना, तुझी —
तिने