माझ्या नावाचं फुलपाखरू

प्रिय जोल्दोश,

इथे बिश्केकमध्ये जर्दाळू पिकायला लागलेत आणि मी चहा आणि तळलेले बोरसोक घेऊन बाल्कनीत निवांत बसलेय. एक बातमी आहे. अल्माटीत तूही आधी चहा करून घे, मग वाच. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे.

सोन-कुल तळ्याच्या वरच्या खिंडीत आपण पकडलेलं ते लाल ठिपक्यांचं पांढरं फुलपाखरू, ज्याला नवी जात ठरवून तू माझं नाव दिलंस, ते वेगळी जात नाहीच. खिंडीच्या अलीकडे एक जात उडते, पलीकडे दुसरी. आपलं फुलपाखरू फक्त त्या दोन जाती भेटतात तिथेच सापडतं, हे मला फार वर्षं खटकत होतं. म्हणून दोन्हीकडची आणून इथेच जाळीत त्यांची जोडी जमवली. सुरवंटांनी माझ्या कुंड्या फस्त केल्या, आणि यंदा कोषातून जे बाहेर आलं ते हुबेहूब तुझं फुलपाखरू. संकर आहे रे तो. आणि संकराला दिलेलं नाव आपल्या नामकरणाच्या नियमात टिकत नाही. माझी लेक मीरिम म्हणाली, "आई, लोक नावासाठी जीव टाकतात, आणि तू स्वतःचं नाव स्वतःच खोडतेस." मला हसू आलं. ज्या फुलपाखरावरून नाव ठरलं, त्या नमुन्याची लाल चिठ्ठी मात्र मी काढलेली नाही; नाव गेलं तरी मूळ नमुना फेकत नसतात, हे तूच शिकवलंस.

ते नाव छापून आलं, तेव्हा तू अंक माझ्या पुढ्यात ठेवलास आणि घोडीच्या आंबट दुधाचा, कुमिसचा वाडगा संपेपर्यंत गप्प बसलास. मी वाट पाहिली. शेवटी तू बोललास ते पावसापाण्यावर. मग तू अल्माटीला गेलास, मी कुबातशी लग्न केलं. सुखाचा संसार झाला, खोटं कशाला बोलू. तो जाऊनही आता बराच काळ लोटला. तूही अजून एकटाच आहेस, हे तुझी बहीण बाजारात भेटली की न विचारता सांगते.

लेख तयार आहे. तुझी चूक तुझ्या पाठीमागे छापणं मला जमणार नाही, म्हणून लेखाखाली आपल्या दोघांची नावं घातलीत. जुलैत ये, खिंडीत एकदा डोळ्यांनी बघ, मग सही कर. आणि तेव्हा विचारायचं राहून गेलेलं काही असेल, तर या वेळी सरळ मलाच विचार. मध्ये फुलपाखरू नको.

विचारलंस तर तुझीच,
साइकाल