माझ्या पश्चात करावयाची वजावट

मी, वेंडेल ऑगस्ट क्राउझ, वय सत्तावन्न, वाणिज्य पदवीधर, लाकूडवखारीचा हिशेबनीस, राहणार मिलर्स फोर्ड, ओहायो, हे मृत्युपत्र स्वेच्छेने व पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. डॉक्टरांना माझ्या हृदयाची खात्री वाटत नाही. बुद्धीबद्दल त्यांची तक्रार नाही. हार्लन क्रीक कॉलेजला मात्र मी अजूनही माजी विद्यार्थी म्हणून देणगी देईन असे वाटते, म्हणजे त्यांना माझ्या बुद्धीबद्दल शंका असावी. माझी यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. राहते घर धाकटी बहीण लोरीन हिला. तळघरातील घर तापवायची भट्टी लाथ घातल्याशिवाय पेटत नाही. लाथ डावीकडून घालावी.

२. बर्फ हटवण्याचे यंत्र शेजारी डेल व्हॉस यांना. ते त्यांनी गेल्या हिवाळ्यातच नेले आहे. हे कलम केवळ त्यांच्या मनःशांतीसाठी.

३. पुढील कलमाचे कारण नोंदवणे आवश्यक आहे. लोरीनची मुलगी टेसा वरील कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे. तिच्यासाठी आमच्या चर्चने पॅनकेकची न्याहारी ठेवून तीन हजार डॉलर जमवले व दाराएवढा पुठ्ठ्याचा धनादेश तिच्या हाती देऊन फोटो काढला. पोरगी प्रामाणिक; तिने कॉलेजला कळवले. कॉलेजने तिचे अभिनंदन केले आणि तिला शुल्कासाठी देत असलेल्या आपल्या मदतीतून नेमके तीन हजार वजा केले. अख्ख्या गावाने पॅनकेक खाल्ले, पोट भरले कॉलेजचे.

मी अध्यक्ष डॉ. ब्रॅडफर्ड हॉलिस यांना भेटलो. ते म्हणाले, "वेंडेल, बाहेरून मदत आली की आमची तेवढी कमी होते. नियम सगळ्यांना सारखा आहे रे."

"आणि व्यायामशाळेत पोरांना खेळायला बांधलेली ती नवी चढाईची भिंत? तिला बरे पैसे आहेत?"

"ती वेगळ्या निधीतून."

त्या संध्याकाळी टेसा म्हणाली, "मामा, सोडते मी कॉलेज. आणखी कर्ज काढायचं आणि म्हातारी होईस्तोवर फेडत बसायचं? त्यापेक्षा वृद्धाश्रमात कामाला लागते."

"आणि ती तीन वर्षं?"

"भिंतीवर चढले म्हणायचं."

४. माझी बचत, चाळीस हजार डॉलर, हार्लन क्रीक कॉलेजच्या विद्यार्थी साहाय्य निधीस. अट एकच: बाहेरून आलेल्या या रकमेइतकीच कपात त्याच वर्षी अध्यक्षांच्या वेतनात व्हावी. नियम सगळ्यांना सारखा आहे. अट मान्य झाल्यास या निधीतील पहिली मदत टेसाला, तिची आधीची मदत न घटवता.

५. कॉलेजने नकार दिल्यास, किंवा नव्वद दिवस मौन पाळल्यास, ही रक्कम माझ्या वकील श्रीमती इडा लोव्हेट यांच्या ताब्यात राहावी. टेसा पदवी घेईल त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी तिचे शिक्षणकर्ज परस्पर फेडावे व उरलेले तिला द्यावे. त्यापूर्वी तिला एक सेंटही देऊ नये. कॉलेजला पैशाचा वास लागतो. नकारपत्र आल्यास ते पुढच्या पॅनकेक-न्याहारीला मोठ्याने वाचावे. डॉ. हॉलिस यांच्या एखाद्या निर्णयाची मी प्रथमच आतुरतेने वाट पाहत आहे. दुर्दैवाने तो पाहायला मी नसेन.

६. या पत्राची प्रत मी आजच टेसाला देत आहे. शेवटच्या वर्षाचे कर्ज तिने बेधडक काढावे; तिच्या पदवीपर्यंत मी जिवंत राहिलोच, तर ते मीच फेडीन. पदवी न घेतल्यास सारी रक्कम चढाईच्या भिंतीच्या रंगकामासाठी जाईल. ही धमकी आहे आणि ती तशीच वाचावी.

७. अंत्यविधी साधा असावा. कॉलेजने पुष्पचक्र पाठवल्यास स्वीकारावे. मात्र चर्चच्या मंडळींनी जितकी फुले आणली असतील, तितकी त्यातून काढून कॉलेजला परत करावीत.

वरील मजकूर मी वाचला, बेरीज तपासली, सही केली.

वेंडेल ऑगस्ट क्राउझ

आमच्यादेखत सही झाली; आम्हाला यातून काहीही मिळणार नाही:
ग्लेनिस पार्डी, निवृत्त टपाल कर्मचारी
रुबेन ओकली, केशकर्तनकार

मिलर्स फोर्ड, ओहायो
१४ मार्च २०२५