नोंद न झालेलं पाकीट

२६ जानेवारी १९६२

नवा सहकार कायदा आजपासून लागू. झेंडावंदन झालं, पेढे वाटले, आणि माझी सोसायटीतली सतरा वर्षं रद्दीत गेली! सी.पी.-बेरारच्या वेळचं जुनं पुस्तक मला तोंडपाठ. कलम विचारा, पान सांगतो. सरकारकडून दुरुस्तीची चिठ्ठी आली की कणकेची खळ करून पुस्तकात मीच चिकटवायचो. एक चिठ्ठी कधी वाकडी लागली नाही. आज अध्यक्ष पंजाबरावांनी नवं पुस्तक सरळ सहदेवाच्या हातात दिलं. "तू मॅट्रिक आहेस, तुले उमजंल." मी तिथंच उभा होतो.

सहदेव माझ्या हाताखालचा कारकून. वय सव्वीस. त्याला आवक-जावक शिकवली कोणी? मी!

३ फेब्रुवारी

पुस्तक काखेत मारून हिंडतो तरी किती! खताला आलेले लोकही त्यालाच विचारतात — "सहदेव, नव्या कायद्यात काय बदललं बाप्पा?" माझ्याकडे येतात ते गोदामाची किल्ली मागायला.

१७ फेब्रुवारी

भगवंतराव मॅनेजर एप्रिलअखेर नोकरी सोडून लेकाकडे अकोल्याला चालले. जागा रिकामी होणार. हक्क कोणाचा? सतरा वर्षं मी घासली! पण आमच्या सोसायटीचा पोटनियम एकोणतीस: मॅनेजर मॅट्रिक पाहिजे. मी सातवी फायनल. सोसायटीत मॅट्रिक एकच. आयत्या बिळावर नागोबा!

घरी अन्नपूर्णा म्हणते, "काऊन जळता हो त्याच्यावर? किती गरीब आहे बिचारा." गरीब! काल त्याला लिंबाचं लोणचं बांधून दिलं हिनं. मला विचारलंसुद्धा नाही. हो, जळतो. इथं तरी खरं लिहितो.

४ मार्च

खास सर्वसाधारण सभा. नव्या कायद्याप्रमाणे आमचे पोटनियम बदलायचे. मसुदा कोणाचा? सहदेवाचा. एकोणीस दुरुस्त्या! पंजाबराव म्हणाले, "शालिग्राम, प्रोसिडिंग तुम्ही लिहा." म्हटलं, हात दुखतो. तो वाचायला उभा राहिला अन् मी बाहेर निंबाखाली जाऊन बसलो. पान लावलं, खाल्लं, पुन्हा लावलं. आतून "मंजूर, मंजूर" चाललेलं. मध्ये एकदा टाळ्या. थांबेचनात. दुरुस्तीला कोणी टाळ्या वाजवतं?

सभा सुटल्यावर दोघंतिघं माझ्याकडे पाहून हसले. हसा! त्यातले पुंजाजी जवळ येऊन "शालिग्राम, ऐकलं का?" म्हणाले. "मले काही ऐकायचं नाही," म्हटलं आणि सायकल काढली.

आता दुरुस्त्या मंजुरीसाठी बुलढाण्याला रजिस्ट्रार कचेरीत जाणार. तिथला शिक्का आला तरच त्या लागू.

९ एप्रिल

सकाळच्या एसटीनं टपाल आलं. बुलढाण्याचं जाड पाकीट. मंजुरीच, दुसरं काय असणार? सहदेव चिखलीला गेलेला. पाकीट फोडलं नाही, नुसतं हातात धरून बसलो. हे आलं की त्याचा हार-तुरा. नाही आलं तर? संचालकांपुढं त्याची फजिती! एवढे एकोणीस मुद्दे, अन् एकही लागू नाही!

जुन्या पुस्तकात घातलं. पुस्तक कपाटात, किल्ली कमरेला. ते पुस्तक आता उघडतो कोण?

सतरा वर्षांत पहिल्यांदा आलेला कागद मी आवक नोंदवहीत चढवला नाही.

१६ एप्रिल

"काका, मंजुरी आली का?" रोज विचारतो. "नाही." रोज सांगतो. पुढं दुरुस्त्यांचं काही सांगायला लागला की मी उठून गोदामात जातो.

२१ एप्रिल

रजा टाकून सहदेव आज बुलढाण्याला जाऊन आला. तिथले म्हणाले, "धाडला कागद. टपालात असंल. नक्कल पाहिजे तं महिना लागंल." उन्हानं तोंड काळं पडलं होतं त्याचं. आल्या आल्या पंजाबरावांना गळ घातली — "मॅनेजर नेमायची सभा महिनाभर पुढं ढकला, साहेब." काऊन? जागा तर तुझीच आहे बे! मंजुरीचा कागद हातात नाचवत खुर्चीवर बसायचं असेल. त्याचं उतरलेलं तोंड पाहून बरं वाटलं. अन्नपूर्णानं विचारलं, आज दोन भाकरी जास्त कशा गेल्या?

२८ एप्रिल

संचालकांची सभा. भगवंतराव परवा जाणार, थांबायला वेळ कुठं? मला बाहेर बसवलं. अर्ध्या तासात निकाल. सहदेव मॅनेजर!

हार घालताना तोंड सुतक्यासारखं. नाटकं सारी! मग सगळ्यांसमोर माझ्या पाया पडला. "काका, लय धडपडलो मी. नाही जमलं." काय नाही जमलं? मिळालं ना सगळं?

निघताना पंजाबरावांनी खांद्यावर हात ठेवला. "तो कागद आला असता तं आज हा हार तुमच्या गळ्यात असता, शालिग्राम."

घरी येईपर्यंत दोनदा सायकलवरून उतरलो. माझ्या गळ्यात?

उद्या रविवार, सोसायटी बंद. कपाट सोसायटीत. अन्न गेलं नाही.

३० एप्रिल

पाकीट फोडलं. पोटनियम एकोणतीस, दुरुस्ती मंजूर: मॅनेजर मॅट्रिक पाहिजे, किंवा संस्थेत पंधरा वर्षं चोख नोकरी झालेला. पंधरा वर्षं झालेला सोसायटीत मी एकटाच. मसुद्यातलं अक्षर सहदेवाचं.

आवक नोंदवही काढली. नऊ तारखेच्या पानावर जागा नव्हती. आजच्या पानावर लिहिलं — आला ९ एप्रिल. नोंदला ३० एप्रिल. मधले एकवीस दिवस कागद माझ्याकडे होता. सही केली. वही मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर उघडी ठेवून आलो.