एत्तिपोतलाला मी मागे राहिले

मलकपेठ, हैदराबाद
मंगळवार, १६ सप्टेंबर २०१४

प्रिय दौलतदादा,

सप्रेम जय भीम. तुझं पत्र येऊन आज अकरा दिवस झाले. तू रोज पोस्टमनची वाट बघत असशील आणि वहिनी म्हणत असेल, येईल उत्तर, जरा दम धरा. वरची खोली बांधून झाली, खिडकी पश्चिमेला ठेवली, न्हाणी आतच काढली म्हणजे मला जिना उतरायला नको, वहिनीने पडदेही शिवले, हे सगळं मी चार वेळा वाचलं. अशोक विजयादशमीच्या आधी तू मला कायमचं औरंगाबादला न्यायला येणार, तेही वाचलं. आणि शेवटच्या पानावर तू जे कबूल केलंस, की छप्पन्न साली मला हैदराबादेत मावशीकडे ठेवायचं तूच आईला सुचवलं होतंस, आणि त्याबद्दल या वयात माझी माफी मागतोस, ते तर मला पाठच झालंय. या सगळ्याचं उत्तर ह्या पत्रात आहे. पण मी शाळामास्तरीण, धडा क्रमानेच घेणार. आधी परवाच्या सहलीचं ऐक.

रविवारी मी नागार्जुनसागरला जाऊन आले, शेजारच्या पद्मावतीबरोबर. ही सेक्रेटेरिएटमध्ये नोकरीला आहे, माहेर गुंटूरचं, नवरा वारला, मुलगा बंगळूरला. जूनमध्ये राज्याची दोन राज्यं झाल्यापासून बिचारीचा जीव टांगणीला लागलाय. कुठल्या राज्यात नोकरी हवी त्याचा ऑप्शन लिहून दिलाय, याद्या लागायच्या आहेत, आणि नाव कुठल्या यादीत पडेल त्यावर तिचं तीस वर्षांचं घर राहणार की मोडणार ते ठरणार. रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर बसून तेच तेच बोलते. शेवटी मीच म्हटलं, चल, एक दिवस तुझ्या यादीला सुट्टी देऊ. हिमायतनगरच्या एका ट्रॅव्हल्सवाल्याची बस सकाळी साडेसातला सुटते. बौद्ध काळातलं म्हणतात ते जुनं शहर, धरण आणि एत्तिपोतलाचा धबधबा एका दिवसात दाखवते, गाइड आणि जेवणासकट. मी पांढरी साडी काढली, खांद्याला शबनम लावली, आणि शाळेच्या सहलीला निघालेल्या पोरीसारखी सात वाजताच जाऊन उभी राहिले.

गाइडचं नाव हनुमंतराव, पण मी आपली हणमंतरावच म्हणते. पोट सुटलेलं, गळ्यात शिट्टी, आणि एकच विनोद तीन भाषांत करायची सवय. माणसं मोजायची त्याची पद्धत अशी, की बसमधून चालत जायचं आणि प्रत्येक सीटच्या पाठीवर थाप मारत आकडा म्हणायचा. सीटवर बसलंय कोण ते बघायचं नाही. मी पस्तीस वर्षं हजेरी घेतलेली बाई, पहिल्याच मोजणीला मला ते खटकलं. पण सहलीला आलेल्या माणसाने सुधारणा सुचवू नयेत असं ठरवून मी गप्प बसले.

इब्राहिमपट्टण मागे पडलं तशी पद्मावतीने पुलिहोराचा, म्हणजे चिंचेच्या भाताचा, डबा उघडला आणि विचारलं, “टीचरम्मा, आपके टाइम में किसीने पूछा क्या, किधर रहना बोलके?” झालं, मला हवंच होतं. मी आपली नेहमीची गोष्ट काढली. निजामाचं राज्य गेलं, मग हैदराबाद राज्य तीन ठिकाणी वाटलं गेलं. बाबा महसूल खात्यात चपराशी, मराठी जिल्ह्यांतले म्हणून त्यांना मुंबई राज्यात घातलं आणि औरंगाबादला पाठवलं. त्याच महिन्यात ते नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते, घरातले जुने देव निघाले होते, आणि पंधरा दिवसांत राज्यही बदललं. औरंगाबादेत खोली एकच मिळाली. भावाला मिलिंदच्या शाळेत घालायचं होतं. मी नऊ वर्षांची, मला गौलीगुड्यात पार्वतीमावशीकडे ठेवून सगळे गेले. एका वर्षासाठी म्हणाले, ते वर्ष अजून संपलेलं नाही. हे शेवटचं वाक्य मी जरा आवाज उतरवून म्हणते, त्याने ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतंच. पद्मावतीच्याही आलं आणि तिच्या वाटणीचा पुलिहोरा मला मिळाला.

धरणाखालच्या पुलावर हणमंतरावांनी माइक घेतला आणि सांगितलं, “अम्मा, आधा पूल तेलंगणा, आधा आंध्रा. पासपोर्ट हाथ में रखो.” सगळे हसले, पद्मावतीही हसली. पलीकडून लाँच घेऊन तासाभरात आम्ही नागार्जुनकोंड्याला पोहोचलो. दादा, तू एकदा ये इथे. नदीकाठी इक्ष्वाकू राजांची राजधानी होती, विजयपुरी. विहार, स्तूप, शिकायला दूरदेशचे भिक्खू येत. धरण होणार म्हटल्यावर ते शहर बुडणार हे ठरलंच होतं, म्हणून आधी खणून काढलं आणि निवडक वास्तू दगडाला दगड लावून डोंगरमाथ्यावर परत उभ्या केल्या. डोंगराचं आता बेट झालंय. आपण वेगळे झालो त्याच वर्षांत खाली हे खोदकाम चाललं होतं, आणि मी इतकी वर्षं जवळ राहून कधी आले नाही. म्युझियममध्ये शिलालेख आहेत, त्यांत दान देणाऱ्या बायकांची नावं कोरलेली आहेत, हे मला फार आवडलं. बुद्धमूर्तीपुढे उभं राहून मी हळू आवाजात त्रिशरण म्हटलं. माझं बघून पद्मावतीनेही हात जोडले, यादीसाठी जोडले असणार. तिथे मला कसलीही खंत वाटली नाही. ऊन होतं, वारा होता, गुडघे दुखत नव्हते.

आता धबधब्याचं. एत्तिपोतलाला बस वर थांबते आणि झाडांमधून चालत पुढे कठड्याशी जायचं. समोर कड्यावरून तीन धारा पडतात आणि खाली डोहात मगरी आहेत. हणमंतरावांनी अर्धा तास दिला. सगळ्यांनी फोटो काढले, भजी खाल्ली. माझी शबनम बसमध्येच सीटवर, फोनही त्यातच. मी कठड्याच्या टोकाला एका बाकावर बसले. थोड्या वेळाने हॉर्न वाजला, मग शिट्टी, मग पुन्हा हॉर्न. म्हटलं, अजून एक मिनिट. पद्मावतीला मागच्या बायकांनी अंताक्षरीला बोलावलं होतं, तिला वाटलं मी पुढे पेंगतेय. हणमंतरावांनी सीटवर थाप मारली, माझी शबनम मोजली आणि बस निघाली. झाडांतून मला तिची पाठ दिसत होती. उठून हात केला असता तर ड्रायव्हरला आरशात दिसले असते. मी हात केला नाही. काय सांगू तुला, इतकं छान वाटलं. एवढं मोठं पाणी आणि बघायला मी एकटी. वीस-पंचवीस मिनिटं मी तशीच बसून होते.

मग बस परत आली. हणमंतराव पळत आले, घामाघूम, पायांत एकच चप्पल, आणि आधी कठड्यावरून खाली मगरींकडे बघितलं. मी दिसल्यावर तो माणूस खालीच बसला. “अम्मा, माफ करो अम्मा, गल्ती हो गई, आपको छोड़के चले गए.” आणि मी काय केलं असेल. मी चेहरा केला. जरासा उतरलेला, काही न बोलणारा, सगळं सोसून घेतलेला. दादा, तो चेहरा मला फार चांगला जमतो, अठ्ठावन्न वर्षांचा सराव आहे. बसमध्ये सगळे उठून उभे राहिले. एका बाईंनी शाल दिली, एकाने बिस्किटं काढली, पद्मावती तर रडत माझे हात धरून बसली. हणमंतरावांनी स्वतःची पुढची सीट मला दिली आणि आपण पायरीवर बसले, हैदराबादपर्यंत. दर अर्ध्या तासाने मागे वळून हात जोडत होते. मी मान हलवून त्यांना माफ करत होते.

पुढच्या सीटवर बसले, समोर काचेतून रस्ता येत होता, आणि मल्लेपल्लीच्या आसपास मला एकदम लाज वाटली. ती नुसती हणमंतरावांना फसवल्याची नव्हती. तुला मावशीचे यजमान आठवतात ना, भगवंतरावकाका, बसडेपोत फिटर. दुरुस्त केलेली बस ते चालवून बघायचे, गौलीगुड्यातून निघून मलकपेठच्या रेसकोर्सपर्यंत आणि परत. रिकामी बस, काका चालवणार, आणि पुढच्या सीटवर फक्त मी. तू शाळेत असायचास, तुला हे कधी सांगितलंच नाही. आपल्या घरी मी पाणी भरायची, भांडी घासायची, तुझा सदरा धुवायची. मावशीकडे मला स्वतःची पाटी होती, जेवताना पहिली भाकर माझी होती आणि आठवड्यातून एकदा अख्खी बस माझी होती. औरंगाबादचं ठरतंय हे कळल्याबरोबर मी मावशीकडे पळत गेले आणि तिच्या मांडीत डोकं घालून म्हटलं, मला जायचं नाही, तू आईला सांग की तुला एकटीला करमत नाही. मूलबाळ नसलेली बाई ती, तिला आणखी काय हवं होतं. तिने दुपारीच येऊन आईला सांगितलं. आईने संध्याकाळी तुला चुलीपाशी बसवून विचारलं तेव्हा ते सगळं ठरून गेलेलं होतं. तू माझं नाव घेतलंस की नाही याने काही फरक पडत नव्हता. तू तेरा वर्षांचा पोरगा, तुला शिकायचं होतं, ते बरोबरच होतं.

इथवरचं लेकराचं हूडपण म्हणून सोडून देता येईल. पुढचं येत नाही. पुढच्या उन्हाळ्यात आई मला न्यायला आली ते आठव. मला ताप भरला म्हणून तिला तशीच परत जावं लागलं. तो ताप कांद्याचा होता. शेजारच्या गंगूने शिकवलं होतं, कांदा सोलून काखेत धरला की अंग तापतं. खरंच तापलं की नाही देव जाणे, तसा देवही घरात राहिला नव्हता, पण मी कण्हत पडले आणि आईने हात लावून मान्य केलं. काचीगुडा स्टेशनवर गाडीत बसेपर्यंत ती रडत होती असं काका म्हणाले. त्यानंतर तिने मला न्यायचं नाव काढलं नाही, तिला वाटलं मी तिच्यावर रुसलेय. मीही वाटू दिलं. दर जयंतीला तुमच्याकडून साडी यायची, उन्हाळ्यात आंब्यांची पेटी यायची, मी तिकडे आले की मला पाटावर बसवून तुम्ही सगळे भोवती उभे. मागे ठेवलेली पोर होण्यात फार सुख होतं, दादा. पुढे मी लग्न केलं नाही, तेही माझ्या मर्जीने, पण तू तेही आपल्याच माथी मारून घेतलंस आणि मी तुला थांबवलं नाही.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. तुझ्या खोलीत मी राहायला येणार नाही. रागाने नाही. माझं घर इथे आहे, माझे विद्यार्थी रस्त्यात पाया पडतात, पद्मावतीचं काय होतंय ते बघायचं आहे, आणि इथे मला कुणी ठेवलेलं नाही, मी राहिलेय. तू सांगितलंस तसा दसऱ्याआधी ये, मी आठ दिवस तुझ्याबरोबर येईन, हे सगळं वाचून तुला राग आला असेल तर समोर बसून रागव. तुझी माफी मात्र मी ठेवून घेऊ शकत नाही, ती तुझ्याकडून निघायलाच नको होती. पण आईचं आहे. ब्याऐंशी साली ती घाटी दवाखान्यात शेवटची आजारी असताना तू औषध आणायला खाली गेला होतास. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, केसर, तुला टाकून गेले गं मी, मला माफ कर. तेव्हा सांगायचं होतं मला. ओठावर आलं होतं. आणि मी तोच चेहरा केला, तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हटलं, केलं आई. बत्तीस वर्षं झाली मी तिला माफ करून. आता तिच्या वतीने ऐकून घेणारा तू एकटाच उरलायस, म्हणून तुला लिहिते: आई, तू मला टाकलं नव्हतंस. मीच आले नाही. माझं चुकलं.

तुझीच,
केसर